सतरा नंबरच्या पेट्या

“ह्या शेडीक कुलूप लावतंस रे?” शेवंती काकीने विचारलं.

“लावतंय तर. रोज लावतंय.”

“आज पण?”

“आज पण.”

“कितक्या वाजता?”

रविवार होता, दुपारचे साडेबारा. खाणीवरच्या मशिनी बंद, कामगार आपापल्या घरी, आणि मी पेट्यांच्या शेडच्या दारात एकटा उभा. काकीने डोक्यावर रिकामी पाटी उपडी घातली होती, ऊन लागू नये म्हणून असेल. ती कुलपाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही बघत नव्हती. शेडच्या मागे जुन्या भुकटीचा जो ढिगारा होता, वर झुडपं उगवलेला, तिकडे बघत होती.

मी खाणीवर अकरा वर्षं स्टोअरकीपर होतो. त्या कामात माणसाला एक खोड लागते. कोणी दारात दिसलं की तो तोंड उघडायच्या आत मनात लिहून मोकळं व्हायचं, ह्याला काय हवंय आणि त्याबद्दल तो काय काय बोलणार आहे. चार महिन्यांपूर्वी कंपनीने माझ्याकडे ही शेडही दिली. ड्रिलचं मशीन जमिनीला भोक पाडतं, आतून दगडमातीची नळकांडी काढतं, थर भुसभुशीत असला तर नुसता चुरा, ती लाकडी पेट्यांत खोलीप्रमाणे ओळीने मांडून ठेवायची आणि प्रत्येक ओळीवर किती मीटर ते लिहायचं, एवढंच काम. आतलं काय ते ओळखायचं काम बोंद्रे साहेबांचं. ते भूगर्भवाले, नागपूरकडचे.

सोळा भोकं उत्तरेला पाडून झाली होती. सगळ्यांत लोखंडाचा दगड लागला होता आणि तो थर तिरका होत काजरवाडीच्या दिशेने खाली उतरत होता. सतरावं भोक काजरवाडीच्या कडेला घेतलं. माल वाडीखाली शिरत असेल तर एकोणीस घरं उठणार, नसेल तर मशीन परत जाणार. साहेबांनी हे वाडीवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं. लपवायची त्यांना सवय नव्हती.

मशीन उभं राहिलं त्या आठवड्यात मला सात नवे मामा आणि दोन आत्या मिळाल्या. एकाने फणस आणला, एकाने बांगडे. एकाने बारा वर्षांपूर्वी मला स्वतःच्या विहिरीवरून हाकललं होतं, त्याने माझ्या तब्येतीची चौकशी आणली. जे माझ्याकडे आले नाहीत ते थेट साहेबांकडे गेले. सोमवारी सांगितलं गेलं की त्या जागी देवचाराची, गावच्या राखणदार भुताची, वाट आहे. बुधवारी तिथे नागाची जोडी निघाली. शुक्रवारी कोणाच्या तरी पणज्याची समाधी. साहेब प्रत्येकाला चहा पाजायचे, सगळं ऐकून घ्यायचे आणि नंतर मला म्हणायचे, “माझ्या फॉर्मात देवचाराचा रकाना नाही ना, पालयेकर. नाही तर भरला असता.”

शेवंती काकीने मात्र काहीच आणलं नव्हतं आणि काहीच रचलं नव्हतं. ती साठीची, काजरवाडीचीच. हाताने माल वेचायचे दिवस होते तेव्हा बावीस वर्षं तिने ह्याच खाणीवर पाट्या वाहिल्या. तिचा मुलगा मनोहर आता खाणीवर डंपर चालवत होता. माझं तिच्याशी नातं नाही. माझी आई गेली तेव्हा तिने तीन दिवस आमच्या घरी जेवण पाठवलं होतं, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी ड्रिलवाल्यांनी सतराच्या आठ पेट्या शेडमध्ये आणून ठेवल्या आणि ती टोळी सुट्टीवर गावी गेली. साहेब दोन दिवस बंदरावर गेले होते, सोमवारी येणार होते. मी झाकणं उघडून लेबलं लावली. पहिल्या दोन पेट्यांत नेहमीचा तांबडा जांभा. पुढच्या सहा पेट्यांत वरपासून खालपर्यंत काळं. ओलं, चकाकणारं, बोट दाबलं तर ठसा उमटेल असं, आणि एक तुकडा उचलला तर मनगट खाली गेलं. घरी जाताना काजरवाडीवरूनच वाट होती. काकी पायरीवर बसली होती.

“काय गावला?”

“माका काय कळता? काळा आसा. जड आसा.”

ती उठून आत गेली.

आणि आता रविवारी ती विचारत होती, कितक्या वाजता.

“मी चाय पिऊक जातंय,” मी म्हटलं. “अडीच वाजता येवन कुलूप घालतलंय.”

“जा,” ती म्हणाली. “उसळ पण खा. आज ताजी आसा.”

मी गेलो. नाक्यावर हॉटेलात रस्त्याच्या बाजूच्या बाकावर बसलो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेन असा. तिघांना मोठ्याने वेळ विचारली. उसळ खाल्ली, ती शिळी होती. बरोबर अडीच वाजता परत आलो. शेडच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. दार ओढलं आणि आत न बघता कुलूप घातलं. आत बघितलं असतं तर मला माहीत झालं असतं, आणि माहीत झालं असतं तर उद्या कोणी विचारल्यावर खोटं बोलावं लागलं असतं. मी खोटं बोलणारा माणूस नव्हतो, न बघणारा होतो. ह्या शहाणपणाचं त्या दिवशी मला बरंच कौतुक वाटलं.

सोमवारी सकाळी साहेबांनी झाकणं काढली. पहिली पेटी, दुसरी पेटी. तिसरीपाशी ते उकिडवे बसले आणि उठेचनात.

“पालयेकर, इकडे या. पाहून राहिले का तुम्ही हे?”

मी पाहिलं. सहाही पेट्यांत निळसर करडी भुकटी होती, ओळीने, सारखी केलेली. खोलीचे लाकडी ठोकळे जागच्या जागी होते, एकही हललेला नव्हता. वरून पाणीसुद्धा शिंपडलेलं होतं, नुकतं भोकातून निघाल्यासारखं. साहेबांनी चिमूट घेतली, वहीच्या पानावर घासली. पान पेन्सिलीने रंगवल्यासारखं चंदेरी झालं.

“त्रेसष्ट टक्के लोखंड,” ते म्हणाले. “कमी नाही. तीस मीटर सलग! माझ्या नोकरीत असं भोक पाहिलं नाही.”

सगळं उलटं झालंय हे मला तिथेच कळलं. कारण खाणीच्या पलीकडच्या बाजूला कंपनी जो नवीन प्लांट उभारत होती, त्याच्या सामानाचे कागद माझ्याच हातून गेले होते. तो प्लांट भुकटीसाठी होता. परदेशी आता धोंड्यापेक्षा भुकटी जास्त चालते, धुतली की लोखंडात सगळ्यात चोख तीच, हे ऑफिसात बसणाऱ्या आम्हा पाचसात जणांना ठाऊक होतं. खाणीतून अजून धोंडाच जात होता. बाहेरच्या माणसाला प्लांट म्हणजे एक मोठं पत्र्याचं घर.

जेवायच्या सुट्टीत मी काजरवाडीला धावत गेलो. काकी अंगणात सुकत घातलेल्या काजूबिया हाताने पसरत होती. माझं तोंड बघून तिला हसू आलं.

“काय म्हणालो तुझो सायब? भुकटी बघून तोंड पडला असतला मा?”

“काकी, तू काय केलंस?”

“तुका काय करूचा आसा? तू चाय पिऊक गेललंस.” तिने आवाज खाली आणला. “काळा होता ता सगळा काढलंय. ओहळात नेवन टाकलंय, कोंडीत. वाहून गेला. भुकटी तुमच्या मागल्या ढिगाऱ्याची. सहा पेट्यांक सात पाट्यो लागले. सुनेक पण सांगूक नाय.”

“पण भुकटीच कित्याक?”

“मगे काय घालूचा होता? बावीस वर्सा मी हयसर काम केलंय रे. काळा गावला की मुकादम नाचायचो. मँगनीज! काळ्याची पाटी येगळी, तिका येगळो शिक्को. आणि भुकटी? एकदा चुकान पाटीत भुकटी येयली तर मेल्यान भर माणसांत माझ्या डोक्यावयली पाटी उपडी केल्यान. म्हणालो, कचरो आणतंस माझ्याकडे? तो ढीग कोणी केलो? आमीच केलो. फुकट कोण नेईना ती भुकटी.”

तिची सून दारात येऊन उभी राहिली होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण सासू हसते म्हणून तीही हसत होती. महिनाभरात त्या घरात मी कोणाचे दात पाहिले नव्हते.

“काकी, भुकटी आता...”

“आता काय?”

“काय नाय,” मी म्हटलं. “अजून तपासतहत.”

मनात म्हटलं, आधी निस्तरू, मग सांगू. परत येताना ओहळाच्या कोंडीत उतरलो. पाणी गढूळ काळं झालं होतं. एका धोंड्याच्या बेचक्यात मूठभर काळं अडकलेलं मिळालं. तेवढंच. ते रुमालात बांधून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“हे काय साहेब? ओहळात मिळालं.”

साहेबांनी नखाने टोकरलं आणि हसले. “ही चिकणमाती. मँगनीज आहे थोडं, लोखंडही आहे थोडं, पण धड ना हे ना ते. जड लागते म्हणून फसतात लोक. वीसपंचवीस वर्षांपूर्वी कोणी घेतही असेल. आता हिला कोण विचारतं? खरं सांगू? सतरामध्ये मला हेच निघेल अशी भीती होती. हे निघालं असतं ना, तर आज दुपारीच मशीन गाडीवर चढवलं असतं मी.”

साहेबांनी ती माती खिडकीतून बाहेर फेकली आणि हात पुसायला माझाच रुमाल घेतला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलायचं म्हणजे, कुलूप कोणाकडे होतं, हा प्रश्न पहिला येणार. सोमवार गेला, मंगळवार गेला. भुकटीच्या पिशव्या माझ्या सहीने सील होऊन बंदरावरच्या लॅबमध्ये गेल्या. गुरुवारी फोन आला, त्रेसष्ट पूर्णांक चार. साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. माझ्या हातावरही एक ठेवला. तो हातात घेऊनच मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि दार लावलं.

“साहेब, त्या पेट्या खऱ्या नाहीत. माल बदललाय.”

“कोणी?”

“ते विचारू नका.”

“बरं. काय काढलं आणि काय घातलं?”

“काळी माती होती, जी मी तुम्हाला सोमवारी दाखवली. ती काढली. भुकटी घातली.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“बसा, पालयेकर. पेढा खा आधी. हे पाहा, देवचार झाला, नाग झाला, समाधी झाली. चौथे तुम्ही. पण ते लोक निदान विचार करून येऊन राहिले होते. ज्याला वाडी वाचवायची तो पेटीत चांगला माल कशाला घालील? घर उठू नये म्हणून कोणी अंगणात सोनं पुरून ठेवतं का?”

“ते त्यांना चांगला माल वाटत नाही, साहेब. त्यांना तो कचरा वाटतो.”

“खाणीत जन्म गेलेल्या लोकांना?”

“खाणीत जन्म गेला म्हणूनच.”

साहेबांनी मान हलवली. “आणि ती माती तुम्ही ओहळातली म्हणाले होते.”

“ओहळातलीच. पण ओहळात ती पेटीतून...”

“मग तुम्ही मला सोमवारी अर्धं सांगितलं की आज जास्तीचं सांगून राहिले?”

मी म्हटलं, “परत एक भोक पाडा. दहा फुटांवर. एवढंच करा.”

“कारण काय लिहू? वरच्या ऑफिसला काय कळवू, की रिझल्ट फार चांगला आला म्हणून पुन्हा पाडतो?” ते थोडे पुढे झुकले. “तुमचे कोण राहतात काजरवाडीला?”

“कोणी नाही.”

“मग?”

शेवंती काकीचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. नाव घेतलं की पोलीस, आणि मनोहरचं डंपरवरचं काम त्याच दिवशी संपलं. आणि नाव घेऊनही साहेब हेच म्हणाले असते, घरावर पाणी सोडायला कोण सात पाट्या वाहील? मी हिशोब करत बसलो आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, हाताने मला ‘नंतर’ अशी खूण केली. नंतर म्हणून काही आलंच नाही.

दीड वर्षाने काजरवाडी उठली. रस्त्याच्या वरच्या अंगाला सड्यावर, उघड्या कातळावर, जिथे कुळीथसुद्धा धड होत नाही, तिथे एकोणीस पत्र्याची घरं उभी राहिली. बोंद्रे साहेबांची तोवर बढतीवर बदली झाली होती. घरांच्या जागी मशिनी लागल्या. आधी तांबडं निघालं, मग काळं. महिना काळं, दुसरा महिना काळं. नवीन आलेले भूगर्भवाले सतरा नंबरचा कागद हातात धरून खड्ड्याच्या काठावर उभे राहायचे आणि विचारायचे, “इथे तीस मीटर भुकटी लिहिलीय. गेली कुठे?” सगळे एकमेकांकडे बघायचे. मीही बघायचो. तिसऱ्या महिन्यात मशिनी पलीकडच्या बाजूला गेल्या आणि परत आल्या नाहीत. खड्डा आहे तसाच आहे. पाणी भरलंय त्यात, हिरवं.

त्यानंतर एका संध्याकाळी सड्यावर सगळे जमले होते. नेहमीचंच चाललं होतं. कोणी काय केलं नाही, कोण साहेबांपुढे हात जोडून बसला, कोणी फणस पोचवला. फणसवाले मामा माझ्या बाजूलाच होते, ते खाली बघू लागले. तेव्हा शेवंती काकी उभी राहिली.

“मी बसाक नाय हात जोडून,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. रविवार, शेड, सात पाट्या, ओहळ, शिंपडलेलं पाणी. तिची सून तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

“मगे उपेग काय झालो?” कोणीतरी विचारलं. “वाडी उठलीच मा?”

“सहा पेट्यो रिकामे केलंय मी. जमिनीखालचा सगळा कसा काढतलंय? तेंका वास लागलोच. बघितलास मा, खणल्यार किती काळा निघाला ता?”

“पण काकी, माल होतो तर कंपनी टाकून कित्याक गेली?”

काकीने पदर सारखा केला.

“चांगलो होतो तो वरचो,” ती म्हणाली. “तो मी पयलोच ओहळात घातलंय. उरलेलो तेंका परवडाक नाय.”

सगळे हसले. सड्यावर आल्यापासून पहिल्यांदा. दोनचार बायकांनी तिला जवळ ओढलं. मग तिने माझ्याकडे बोट केलं.

“हेका इचारा. शेडीक कुलूप हेचा होता. खरा मा रे, आर्जुना?”

एकोणीस घरांची माणसं माझ्याकडे वळली. पत्र्याखाली दिवसभर तापलेली तोंडं, आणि त्यांवर अजून ते हसू होतं.

“खरा,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून सड्यावर तिचा मान वाढला. कोणी पाहुणा आला, कोणी वर्तमानपत्रवाला आला, की आधी शेवंती काकीकडे नेत आणि मागून मला बोलावणं येई. मी जाऊन उभा राहायचो. मोजलंय मी, अकरा वेळा ‘खरा’ म्हटलं. दर वेळी वाटायचं, आज तिला बाजूला घेऊन सांगावं. पण काय सांगणार होतो? की वाडी कंपनीने उठवली नाही?

काकी गेल्या वर्षी गेली. झोपेत, काही दुखणं नाही. बाराव्याला नवीन सुना, जावई, नातवंडं जमली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी गोष्ट नुसती उडत उडत ऐकली होती. जेवणं झाल्यावर मनोहर म्हणाला, “आर्जुनदा, तू सांग.” आता सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी सांगितली. ती सांगायची तशीच, त्याच क्रमाने. काळा माल किती जड होता, मुकादम कसा नाचायचा, कंपनीला उरलेला कसा परवडला नाही. जिथे ती हसवायची तिथे लोक हसले. संपल्यावर मनोहरने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते.

“तू नसतस,” तो म्हणाला, “तर माझ्या आवशीन काय केल्यान ता कोणाक कळला नसता.”

“नसताच कळला,” मी म्हटलं.